काकांचं डावं मनगट

“किती वाजले गो?” हा काकांचा दिवसातला पहिला प्रश्न असायचा, आणि तो ते बरोबर भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहून विचारायचे. जरा मान वर केली असती तर काम झालं असतं. पण मान वर करून बघण्यासारखी जगात एकच गोष्ट आहे, असं काकांचं ठाम मत होतं. ती म्हणजे आमचा टॉवर नंबर दोन. बाकी वेळ, क्रिकेटचा स्कोअर, साहेबांचा मूड हे सगळं ते समोरच्या माणसाकडून काढून घ्यायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, त्यांना घड्याळ कळत नसावं. मग एकदा त्यांचा लॉकर उघडा दिसला. आत पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने दिलेलं घड्याळ खोक्यासकट पडलं होतं. खोक्यावरची रिबीनसुद्धा सोडलेली नव्हती.

आमचा कारखाना कोलशेतला, खाडीच्या बाजूला. तिथे काचेचा धागा ओढतात. तुमच्या घरी इंटरनेटची जी वायर येते तिच्या पोटात हा धागा असतो, केसाइतका बारीक. तो ओढायला पाच मजली उंच लोखंडी सांगाडा लागतो, त्याला आम्ही टॉवर म्हणतो. सगळ्यात वर भट्टी. भट्टीत हाताच्या मनगटाएवढी जाड काचेची कांडी वरून हळूहळू सोडतात. दोन हजार अंशाला ती काच मऊ होते, तिचा एक थेंब सुटतो, आणि त्या थेंबामागून धागा खाली येतो. मग तो खालून चाकावर ओढत राहायचं. वाटेत त्याला एका उभ्या नळीतून जावं लागतं. त्या नळीत हेलियम सोडलेला असतो, फुग्यात भरतात तोच. हेलियम उष्णता फार लवकर ओढून घेतो, म्हणून तो धागा गार करायला वापरतात. नळीतून बाहेर पडलेला धागा लगेच एका छोट्या कपातल्या लेपातून जातो. हा लेप म्हणजे धाग्याचं चिलखत. धागा पुरेसा गार नसेल, तर गरम पोळीवर तूप ओघळावं तसा लेप पातळ होतो, त्यात बुडबुडे शिरतात, आणि सगळं रीळ भंगारात जातं. थोडक्यात, आमच्या कारखान्यात काच वितळवणं सोपं होतं. ती गार करणं हे खरं काम होतं.

आणि ते काम काकांचं होतं.

काका कोलशेतच्या जुन्या मिठागरवाल्यांपैकी. आमचा कारखाना ज्या जमिनीवर उभा आहे तिथे एकेकाळी त्यांच्या वडिलांचे मिठाचे वाफे होते. जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती काकांच्या वाट्याला आली. उरलेल्या जमिनीवर नंतर बिल्डर आला, आणि काकांच्या घरच्यांच्या नावाने तीन इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही मुलगे मोठमोठ्या गाड्यांतून फिरायचे आणि “बाबा, आता घरी बसा, लोक आम्हाला हसतात” म्हणायचे. काका मात्र हाफ शर्ट घालून, डबा घेऊन, चालत कारखान्यात यायचे. स्वतःच्या बावीस मजली इमारतींना ते ‘बिल्डिंगी’ म्हणायचे. ‘टॉवर’ हा शब्द त्यांनी आमच्या पाच मजल्यांसाठी राखून ठेवला होता.

हाफ शर्ट म्हणजे बारा महिने हाफ शर्ट. जानेवारीत खाडीवरचा गार वारा सुटला, आम्ही सगळे जॅकेट घालून कुडकुडत असलो, तरी काकांचे हात कोपरापर्यंत उघडे. त्यातला डावा हात तर त्यांनी अगदी देवाला वाहिल्यासारखा जपलेला. त्या मनगटावर घड्याळ नाही, दोरा नाही, तेलाचं बोट नाही. एकदा एका नवीन ऑपरेटरने फ्रेंडशिप डेला सगळ्यांना बँड बांधले, तेव्हा काकांनी उजवा हात पुढे केला. त्याने गमतीने डावा धरला, तर काका एवढे ओरडले की तो बिचारा आठवडाभर त्यांच्यासमोर आला नाही.

त्याचं कारण मला नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. टॉवर नंबर दोन चालू होता. काका तिसऱ्या मजल्यावर नळीच्या खालच्या तोंडाशी गेले, धावत्या धाग्यापासून चार बोटं लांब त्यांनी डावं मनगट धरलं, पालथं, आणि डोळे मिटले. जत्रेत पालखीला हात लावणाऱ्या माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग डोळे उघडून ते म्हणाले, “कालच्या परीस गरम हाय. वरचा भट्टीवाला झोपलाय काय, बग जा.”

मी एम.टेक. झालेली मुलगी. उष्णतेचं वहन हा माझा विषय, त्यात मला सुवर्णपदक. डोंबिवलीच्या आमच्या घरात ते पदक देवघराशेजारी टांगलेलं आहे, आलेल्या पाहुण्याला आई प्रसादाआधी ते दाखवते. मी मनातल्या मनात हसले. टॉवर जुना असल्यामुळे त्या जागी धाग्याचं तापमान मोजायचं यंत्रच नव्हतं. मी दुसऱ्या टॉवरवरचं यंत्र आठवडाभर मागून आणलं आणि गुपचूप काकांची परीक्षा घेतली. दर तासाला आधी त्यांना विचारायचं, कालपेक्षा जास्त की कमी, आणि मग यंत्र बघायचं. आठवडाभरात काका एकदाही चुकले नाहीत. एका दुपारी फक्त म्हणाले, “आज मना नाय कलत. सकाली नवीन साबन लावला, हात बंद झालाय.” मी यंत्र परत नेऊन दिलं आणि त्या दिवसापासून काकांकडे बघायची माझी नजरच बदलली. घरी आल्यावर मी आईबाबांना त्या मनगटाच्या गोष्टी सांगायचे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, “जुन्या माणसांचं ऐकत जा.” मी मनापासून ऐकत होते. काही विचारत मात्र नव्हते, आणि तिथेच माझी चूक होत होती. पण ते पुढे.

काकांच्या बाकीच्या तऱ्हा सांगितल्याशिवाय काका डोळ्यासमोर यायचे नाहीत.

त्यांच्या खिशात एक काडेपेटी असायची. विडी नाही, सिगरेट नाही, काडेपेटीत सावरीचा कापूस. टॉवरच्या हॉलमध्ये शिरताना ते दाराशी थांबायचे, चिमूटभर कापूस हवेत सोडायचे, आणि तो कुठे जातो ते बघायचे. कापूस जरा जास्त पळाला की त्या दिवशी दार उघडणाऱ्याची खैर नसे. एकदा मुख्य कचेरीतून आलेले पाहुणे दार उघडं ठेवून फोनवर बोलत उभे होते. काकांनी त्यांच्या नाकासमोर कापूस सोडला. तो तरंगत थेट टॉवरकडे गेला. “बगितलात? तुमी आत नाय आलात, पन तुमचा वारा आला. त्येला चप्पल काढाया सांगा,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. पाहुणे बाहेरच राहिले.

गरम खायचं नाही, हा दुसरा नेम. चहा ओतून ठेवायचा आणि त्यावर साय धरेपर्यंत हात लावायचा नाही. डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण ते झाकण काढून समोर ठेवायचे आणि आम्ही जेवून उठलो की जेवायला सुरुवात करायचे. “गरम खानारा मानूस चव खात नाय, घाई खातो,” असं त्यांचं म्हणणं. माझी आई डब्यात गरम राहणारं भांडं देते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या करुणेने बघितलं की मला आईचीच दया आली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ‘वरून खाली ये’. कारखान्यात कोणी चिडला की काका त्याला लिफ्टने भट्टीपर्यंत न्यायचे आणि तिथून पाच मजले जिन्याने खाली आणायचे. मध्ये बोलायचं नाही. प्रत्येक मजल्यावर एक मिनिट थांबायचं. एकदा धागा लागोपाठ तुटायला लागला तेव्हा साहेब, म्हणजे आमचे प्लांटप्रमुख, हॉलमध्ये येऊन असे काही बरसले की लेपाच्या कपातसुद्धा लाटा उठल्या असतील. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, वर चला.” साहेब रागातच लिफ्टमध्ये शिरले. पंधरा मिनिटांनी दोघं जिन्यातून उतरले तेव्हा साहेब रुमालाने मान पुसत होते आणि चहा मागत होते. मी नंतर विचारलं, तर काका म्हणाले, “अगो, दोन हजारावरनं खाली यायला काचेला पाच मजले लागतात. साहेब तर नुसता मानूस.”

मला हा माणूस फार आवडायला लागला होता. तेवढ्यात हेलियम आटला.

हेलियम बाहेरून येतो. त्या वर्षी कुठेतरी काहीतरी बिनसलं आणि आमचा पुरवठा निम्मा झाला. नवीन टॉवरना थोडा हेलियम पुरतो. आमचा दोन नंबर जुना, त्याची नळी मोठी, तो सगळ्यांत जास्त पिणारा. मुख्य कचेरीतून निरोप आला की दोन नंबर बंद करा, उतरवा, लोखंड विकून टाका. साहेबांनी कशीबशी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. निम्म्या हेलियमवर, आहे त्याच वेगाने, चांगला धागा काढून दाखवला तर टॉवर राहणार. साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, “कोण घेतंय?” माझा हात वर गेला. काका मागे उभे होते. मीटिंग संपल्यावर मला म्हणाले, “ह्यो टॉवर जिथं हाय ना, तिथं माज्या बापसाचा शेवटचा वाफा व्हता. ह्याच्यावरचा पयला धागा मी ओढलाय. ह्यो गेला की मी पन घरी. मंग बसतो पोरांच्या गाडीत.” हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

मी कामाला लागले. कागदावर सगळं सुरेख बसत होतं. नळी इतकी लांब, धागा इतका गरम, हेलियम इतका. निम्म्यावरही भागायला हवं होतं. प्रत्यक्षात हेलियम निम्मा केला की लेपात बुडबुडे. बरं, गंमत म्हणून मी एक दिवस हेलियम दुप्पट सोडून बघितला. धागा तरीही म्हणावा तसा गार झाला नाही, उलट थरथरायला लागला. हे माझ्या हिशेबात कुठेच बसेना. मी गणित तीनदा तपासलं. सुवर्णपदकाची शपथ, गणितात चूक नव्हती. प्रत्येक वेळी काका नळीखाली मनगट धरून सांगायचे, “गरम हाय गो अजून,” आणि मी तेवढंच वहीत लिहायचे. आमच्याकडे कसलं मनगट आहे म्हणून मनातल्या मनात त्यांची आरती ओवाळायचे आणि पुन्हा गणिताकडे वळायचे. त्या मनगटाला नेमकं लागतंय काय, हा साधा प्रश्न मला एवढ्या दिवसांत एकदाही सुचला नाही.

दिवाळी दहा दिवसांवर आली आणि माझा शेवटचा उपायही फसला. साहेब नुसती मान हलवून गेले. मी वही आपटली. यंत्राला, हेलियमला, मुख्य कचेरीला आणि कारण नसताना काकांनाही बोलले. “तुमचं मनगट गरम-गार सांगतं, पण का ते सांगत नाही. त्याचा काय उपयोग?” असं मी म्हटलं. 

काका शांतपणे म्हणाले, “बाय, वर चल.”

भट्टीपासून आम्ही उतरायला लागलो. पाचवा मजला, चौथा. मला रडू येत होतं आणि काका समोरच्या कठड्याकडे बघत उभे होते. तिसऱ्या मजल्यावर नळीपाशी ते नेहमीपेक्षा जास्त थांबले. डावं मनगट उजव्या हाताने चोळत राहिले. मला वाटलं, मी बोलले ते त्यांना लागलं. माफी मागायला मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, “उद्या पयली पाली सुटली की माज्यासंगट रोडला ये. घोडबंदर रोडला. काम हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं घोडबंदर रोडच्या कडेला, सर्व्हिस रोडच्या कठड्यामागे उभे होतो. मुंबईकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर एकामागून एक धडधडत जात होते. येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते, एक पोलीसही बघून गेला. काकांनी काडेपेटी काढली, चिमूटभर कापूस घेतला आणि कंटेनर समोरून जाताना सोडला. कापूस खाली पडला नाही. तो झटकन कंटेनरच्या बाजूला ओढला गेला आणि त्याच्या अंगाला चिकटल्यासारखा बरोबर पळत निघून गेला. दुसरा कंटेनर, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काडेपेटी त्यांनी माझ्या हातात दिली.

“काय बगितलास?”

“ट्रक वारा ओढून नेतोय.”

“ट्रक कवा एकला जातो काय?” काका म्हणाले. “आमच्या आगरात पन आसाच. वाफ्याच्या बांधावरनं मानूस पलाला ना, तर त्याच्या मागं मिठावरची गरम हवा उठून पलायची. बापूस वरडायचा, पलू नको, वाफा हलतोय. आता सांग, माज्या मनगटाला काय लागतं?”

“गरम...” मी म्हणाले, “गरम हवा.”

“आनि नलीत काय भरलायस तू?”

“हेलियम.”

“मंग हवा कुठनं आली?”

मी कठड्यावर बसले. समोरून ट्रक जात होते आणि मला ते दिसत नव्हते. धागा एकटा येत नव्हता. भट्टीखालची गरम हवा अंगाला लपेटून तो नळीत शिरत होता, आणि तो इतका पळत होता की माझा सगळा हेलियम त्या हवेच्या बाहेर बाहेरच फिरत राहिला होता, जवळ पोचतच नव्हता. मी माझ्या गणितात धागा स्थिर धरून त्याच्यावरून वायू वाहवला होता. पुस्तकात तसंच असतं. उष्णता शिकलेल्या मुलीला मिठागरवाल्या माणसाने रस्त्याच्या कडेला उभं करून दहा मिनिटांत हे दाखवलं होतं, आणि ते आयुष्यभर त्यांच्या मनगटावर होतं. मला इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पायाच पडले, भर रस्त्यात. काका घाबरले. “ऊठ गो, लोकं समजतील अॅक्सिडेंट झाला.”

पुढचे दिवस आम्ही दोघं वर्कशॉपमध्येच होतो. उपाय साधा होता. नळीच्या वरच्या तोंडाला एक पितळी टोपी बसवायची, तिचं भोक धागा जेमतेम जाईल एवढंच ठेवायचं, आणि थोडासा हेलियम तिथेच वर फुंकायचा, म्हणजे धाग्याने आणलेली हवा दारातच सुटून पडेल. एसी चालू असताना दार लावून घ्यावं तितकं ते उघड होतं. मी कागदावर टोपी एकसंध काढली होती. काकांनी चित्र बघितलं आणि विचारलं, “सुरुवातीचा जाडा थेंब ह्या भोकातनं कसा जायाचा? तुझा साहेब ढकलनार काय?” मग टोपी नारळाच्या दोन करवंट्यांसारखी दोन अर्ध्यांत केली. थेंब गेला, धागा बारीक झाला, की दोन्ही बाजूंनी सरकवून मिटायची.

टोपी बसवायच्या आदल्या दिवशी मी तिला शेवटची घासत होते आणि एकदम माझा हात थांबला. टोपीने हवा अडवली की नळीत फक्त हेलियम राहणार. नळीच्या खालच्या तोंडातून गरम हवेचा जो श्वास बाहेर येत होता, काकांच्या मनगटाला जो लागत होता, तोच बंद होणार. एवढ्या वर्षांची ती विद्या मी माझ्या हाताने, घासून गुळगुळीत करून, बंद करायला निघाले होते.

“काका,” मी म्हणाले, “ही लावली तर तुमच्या मनगटाला काहीच लागणार नाही.”

ते भाकरी गार होण्याची वाट बघत बसले होते. “म्हाईत हाय.”

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“हां.”

“मग इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाही?”

काकांनी डब्याचं झाकण बाजूला सरकवलं. मग म्हणाले, “कोनी इचारला नाय. आनि मी सांगितला नाय. दोनी खरा हाय.” त्यांनी डावा हात उलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. “लोकं ह्या हाताला नमस्कार करायची गो. साहेब लोकं यायची, इचारायची, काका, बगा जरा. ती हवा गेली की ह्यो हात नुसता भाकर खायाचा. जिवावर यायचा सांगायला. पन आता टॉवरच गेला तर हात घेऊन काय करू? तू लाव.”

 मी म्हटलं, “आपण दुसरा काहीतरी उपाय शोधू.” काका चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं फक्त त्या फ्रेंडशिप बँडच्या वेळी बघितलं होतं. “दुसरा उपाय नाय, तुलाही म्हाईत हाय. लाव म्हनलं ना!” मग ते निवले, आणि भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली.

चाचणीच्या दिवशी हॉल भरला होता. साहेब, मुख्य कचेरीतून आलेले दोघे, सगळ्या पाळ्यांचे ऑपरेटर. काकांनी दाराशी कापूस सोडला, तो सरळ खाली बसला, तेव्हा त्यांनी मान डोलावली. थेंब सुटला. धागा आला. काकांनी स्वतः टोपीचे दोन अर्धे सरकवून मिटले. वेग वाढत गेला. हेलियम निम्म्यावर आणला. पुन्हा मागून आणलेल्या यंत्रावरचे आकडे मी वाचत होते, आवाज माझाच होता पण मला तो लांबून ऐकू येत होता. धागा गार. लेप गोल. बुडबुडा एक नाही. ठरलेला वेग आला, तासभर टिकला.

तरीही कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढे सगळे शिकलेले लोक, समोर यंत्राचे आकडे असताना, काकांकडे बघत उभे होते. साहेबच म्हणाले, “काका, बघा जरा.”

काका तिसऱ्या मजल्यावर गेले. धाग्यापासून चार बोटं लांब त्यांनी डावं मनगट धरलं, पालथं, आणि डोळे मिटले. मी खालून बघत होते. नेहमी ते चटकन सांगायचे. आज कितीतरी वेळ गेला.  आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाच्या मनगटाला जगाकडून काही निरोप आला नव्हता, आणि तो माणूस डोळे मिटून त्या न आलेल्या निरोपाचं ऐकत उभा होता.

मग ते हसले. आधी ओठांत, मग मोठ्याने. “काय नाय!” ते वरून ओरडले. “काय नाय लागत! काय पन नाय!” पोराला नोकरी लागल्याची बातमी माणूस जशी गल्लीभर सांगत सुटतो, तसे ते प्रत्येक मजल्यावर थांबून ओरडत खाली आले. मग मात्र हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवू शकले नाही, कारण मला रडू आवरत नव्हतं. मी खूप हुशार माणसं बघितलेली आहेत. काहींनी मला शिकवलंही. पण आपल्याजवळची एकुलती एक गोष्ट देऊन टाकून ती गेल्याचा आनंद असा मजल्यामजल्यावर ओरडून सांगणारा माणूस मी तो एकच बघितला.

टॉवर नंबर दोन राहिला. आजही चालतो. टोपी तीच आहे, पितळ थोडं काळं पडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये आले तेव्हा काका भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे होते. मी सवयीने तयारच होते. मनगट वर करून माझं घड्याळ बघणार, तेवढ्यात त्यांनी आपला डावा हात पुढे केला. त्यावर कंपनीने दिलेलं ते घड्याळ होतं. नवा सेल घातलेला, पट्टा अजून ताठ, आणि पट्ट्याच्या छिद्रात रिबिनीचा एक लाल धागा अडकून राहिलेला. ते काकांच्या हातावर अगदी अनोळखी दिसत होतं, लग्नात पहिल्यांदा सूट घातलेल्या माणसासारखं. त्यांनी हात डोळ्यांपासून लांब धरला, नीट बघितलं आणि मला सांगितलं, “साडेनऊ झाले गो. चल, चहा गार झाला आसंल.”